युवराजाची हाव

हरिओम ढगेचा कार्यक्रम टीव्हीवर लागला की शिवकुमार कऱ्हाळेच्या नांदेडच्या घरात एक ठरलेला प्रकार व्हायचा. शिवकुमार खुर्ची पुढे ओढायचा आणि हाताची घडी घालून, परीक्षेत कॉपी करणारं पोर पकडायला बसावं तसा बसायचा. त्याची बायको उज्वला कणीक मळायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. तिला हरिओमचं काम मनापासून आवडायचं आणि नवऱ्यासमोर हसायची सोय नव्हती. म्हणून ती आत जाऊन, पदर तोंडाशी धरून पोटभर हसून घ्यायची आणि चेहरा सारखा करून बाहेर यायची. शिवकुमारला हे ठाऊक होतं. टीव्हीतल्या टाळ्यांपेक्षा तिचं ते आतलं हसू त्याला जास्त झोंबायचं.

आता कुणी म्हणेल, एवढं पोटात दुखतं तर टीव्ही बंद करावा. पण मत्सराची रीतच अशी, की ज्याच्यावर जळायचं तो माणूस डोळ्यांसमोर असल्याशिवाय चैन पडत नाही. हरिओमचा एकही भाग न चुकवणारा माणूस नांदेडात शोधायला निघालात तर चाहत्यांची दारं उगाच ठोठावू नका, सरळ कऱ्हाळे सरांकडे जा. त्याचा कुठला विनोद फसला, कुठं तो वाक्य विसरला, पोट किती सुटलं, टोप कधीपासून घालायला लागला, हे सरांना तोंडपाठ होतं.

"आज लई ओढूनताणून करून राहिला," शिवकुमार म्हणायचा.

"हाव," उज्वला म्हणायची आणि लगेच जीभ चावायची. कारण सगळं दुखणं त्याच शब्दाचं होतं.

हा शब्द इथंच उलगडून सांगितलेला बरा, नाहीतर पुण्या-मुंबईचा वाचक चकायचा. तिकडे हाव म्हणजे लोभ. पैशाची हाव, खुर्चीची हाव. आमच्याकडे नांदेड-लातूरला हाव म्हणजे नुसतं हो. जेवलास का, हाव. गाडी आली का, हाव. पोरगी पसंत हाय का, हाव. अशा या भाबड्या शब्दावर हरिओम ढगेनं नाव कमावलं. टीव्हीवर कुणीतरी शुद्ध मराठीतली बाई त्याला विचारायची, "आपल्याला संपत्तीची हाव आहे का?" आणि तो गाईसारखे डोळे करून म्हणायचा, "हाव." तेवढ्यावर महाराष्ट्र लोळायचा. पुढे त्यानं हवालदार केला, नवरदेव केला, सरपंच केला, आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी हाव आहे का म्हणून विचारलंच. तो शब्द बनियनच्या जाहिरातीत आला, ऑटोच्या पाठीवर आला. शिवकुमार ज्या शाळेत मराठी शिकवायचा तिथं पोरं हजेरीला "हाव सर" म्हणायला लागली आणि वर्ग हसायला लागला. हसणं अर्थातच हरिओमच्या नावावर जमा व्हायचं.

आणि शिवकुमारचं म्हणणं असं, की तो हशा हरिओमचा नव्हेच, माझा आहे.

"अहो, सगळा मराठवाडा हाव म्हणतो," उज्वला एकदा म्हणाली. "तुमच्या एकट्याचं कसं काय?"

"शब्दाचं न्हाई म्हणून राहिलो मी. हशाचं. तो हशा माझा हाय. चोरला त्यानं."

हे मात्र अगदीच खोटं नव्हतं.

झालं होतं असं. शिवकुमार किनवटकडच्या खेड्यातला. वसतिगृहात वाढलेला, उंचापुरा, आवाज घुमणारा. नांदेडच्या कॉलेजात आला तेव्हा त्याला पाहूनच तिथल्या मराठीच्या प्राध्यापकांनी एक नाटक लिहायला घेतलं. राज्याचा त्याग करून वनात जाणाऱ्या युवराजाचं, तीन अंकी, गंभीर. युवराज अर्थात शिवकुमार. हरिओम औशाचा, मामाकडे राहून शिकायला आलेला, ठेंगणा आणि गोल डोळ्यांचा. त्याला अमात्याची चार वाक्यं मिळाली, तीही दाढीमुळे. दाढी आधी भाड्यानं आणली होती आणि ती बसली फक्त त्याच्या तोंडाला.

नाट्यस्पर्धेची फेरी नांदेडातच होणार होती आणि परीक्षक बाहेरून येणार होते, म्हणून प्राध्यापकांनी भाषेचा धसका घेतला. तालमीत जो कोणी हाव, न्हाई, लई म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. शिवकुमारनं हे फारच मनावर घेतलं. खानावळीत पंचफुलाबाईनं "भाजी वाढू का रे?" विचारलं की तो घसा साफ करून "हो, वाढा" म्हणायचा, आणि ती बाई पळी हातात धरून त्याच्याकडे बघत राहायची. त्याला नट व्हायचं होतं. साधासुधा नव्हे, ज्याच्या एका वाक्यावर सभागृह गप्प होतं असला नट. ही एकच गोष्ट त्याला आयुष्यात मनापासून हवी होती.

दुसऱ्या अंकात अमात्याचा एक प्रश्न होता. "युवराज, आपल्याला या सिंहासनाचा लोभ आहे?" पण हरिओमच्या तोंडून लोभचा लोब व्हायचा. काही केल्या सुधारेना. शेवटी अगदी शेवटच्या तालमीत प्राध्यापकांनी वैतागून शब्दच बदलला. लोभ काढला आणि हाव घातला. सोपा शब्द, जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही म्हणता येईल असा.

प्रयोग रंगला होता. शिवकुमारची आई तुळजाबाई किनवटहून नवं लुगडं नेसून आली होती आणि तिसऱ्या रांगेत बसली होती. दुसरा अंक आला. अमात्य पुढे झाला आणि म्हणाला, "युवराज, आपल्याला या सिंहासनाची हाव आहे?" युवराजानं मान वळवून दूर क्षितिजाकडे बघायचं, मोठा विराम घ्यायचा आणि म्हणायचं, "नाही, अमात्य." शिवकुमारनं मान वळवली. विराम घेतला. सभागृह असं शांत झालं की पंख्याचा आवाज ऐकू यावा. आणि मग त्या घुमणाऱ्या, कमावलेल्या आवाजात युवराज म्हणाला,

"हाव."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळं सभागृह फुटलं. परीक्षकांनी चष्मे काढून डोळे पुसले. शिवकुमारच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

त्याची हकिगत तो इथंच संपवायचा. पण पुढचं मी सांगतो, कारण ते तो कधीच सांगायचा नाही. हरिओम हसला नाही. भाड्याच्या दाढीवरून हात फिरवत तो सावकाश युवराजाकडे वळला, वरून खालपर्यंत त्याला न्याहाळलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "हाव?" आणि घाबरलेला शिवकुमार म्हणाला, "न्हाई, हाव न्हाई." त्या वेळी लोक खुर्च्यांवरून घसरले. पहिला हशा चुकीतून आला होता. दुसरा हरिओमनं जुळवून आणला होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशी नाटकाची गत झाली. नाटक शेवटून पहिलं आलं. हरिओमला विनोदी भूमिकेचं प्रमाणपत्र मिळालं. त्या नाटकात विनोदी भूमिका नव्हतीच. बाहेर तुळजाबाई पदरानं डोळे पुसत उभी होती, अजून हसतच होती. "शिवा, लई हासले रे," ती कौतुकानं म्हणाली. "इतकी मी जन्मात हासले न्हाई." त्यानं आईला बसमध्ये बसवलं आणि बस हलायच्या आत तो खोलीकडे निघाला.

आठवड्याभरानं हरिओम खोलीवर आला. "शिवा, आपण दोघं मिळून हेच करू. गॅदरिंगला करू, गणपतीत करू. तू असाच ताठ उभा राहा, मी इचारतो. लोक येडे होतील."

"मी नट हाय, हऱ्या. माकड न्हाई."

हरिओमनं खांदे उडवले आणि एकट्यानं सुरू केलं. प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी दिला आणि हाव स्वतः घेतला. तिथून त्याची गाडी जी सुटली ती सुटलीच. आधी औशाच्या बाजारात निवडणुकीच्या सभेआधी लोक जमवायला म्हणून नकला. मग पुण्यात एका नाटकात पाणी आणून देणारा नोकर. मग मुंबईत सिनेमात हवालदार, ज्यात त्याची फक्त पाठ दिसली आणि औशाची सगळी मंडळी ती पाठ बघायला लातूरच्या थिएटरात गेली. मग व्यावसायिक नाटकात दुसऱ्या अंकात येणारा भाडेकरू. त्या भाडेकरूला इतका हशा यायला लागला की नायकानं तक्रार केली. मग टीव्ही, आणि टीव्हीनंतर एक अख्खा सिनेमा, पोस्टरवर एकटाच. सिनेमा नांदेडात लागला तेव्हा शिवकुमार शाळेतल्या शिक्षकांना म्हणाला, "पोरांना नका नेऊ. माझं काही न्हाई, पण भाषा बिघडते त्यांची." इतक्या काळजीनं म्हणाला की कुणाला शंकाही आली नाही. स्वतः मात्र तो दुपारच्या खेळाला एकटा जाऊन बसला होता.

त्यातून मुलाखती. प्रत्येक मुलाखतीत हरिओमला विचारायचे, हा शब्द कुठून सापडला? आणि तो सांगायचा, माझी आजी धुरपताबाई होती औशाला, तिच्या तोंडचा. हात जोडून वर बघायचा. लोकांचे डोळे पाणवायचे, आणि शिवकुमारच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चोरलं ते चोरलं, वर मेलेल्या म्हातारीच्या नावावर चढवलं. त्याला बाकी काही नको होतं. पैसा नको, पोस्टर नको. एकदा, फक्त एकदा, त्या माणसानं चार लोकांत म्हणावं, की हे शिवाचं आहे.

ती वेळ आली. लातूरच्या एका सांस्कृतिक मंडळानं हरिओमला पुरस्कार द्यायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष वसंतराव, वकिली सोडून आता सत्कार करत फिरणारे गृहस्थ. त्यांचा शिवकुमारला फोन आला. "सर, प्रकट मुलाखत ठेवली आहे. ती तुम्ही घ्यावी अशी हरिओमजींचीच इच्छा आहे. म्हणाले, कॉलेजातला मित्र आहे माझा, भाषा फार चांगली आहे त्याची."

भाषा चांगली आहे. शिवकुमारनं फोन ठेवला आणि हे शब्द त्याच्या डोक्यात काटा मोडावा तसे राहिले. तरी त्यानं होकार दिला होता. चांगले पंधरा-वीस प्रश्न काढले आणि शेवटचा एक प्रश्न कुणालाच दाखवला नाही. उज्वलालाही नाही.

रविवारी सकाळी ती दोघं लातूरला पोचली. उज्वलाचं माहेर लातूरचं, तेव्हा पहिल्या दोन रांगा तिच्याच माणसांनी भरल्या होत्या. रंगमंचामागच्या खोलीत हरिओम चहा पीत बसला होता. शिवकुमारला पाहताच उठून त्यानं मिठी मारली. अत्तराचा वास आला.

"शिवा, किती ताठ राहिलास रे अजून. मी बघ, पिंप झालो."

"तब्येत हाय," शिवकुमार म्हणाला. हरिओमचा शर्ट साधाच होता आणि तरी तो साधा नव्हता, हे त्यानं पहिल्या नजरेत हेरलं. हातावरचं घड्याळही हेरलं. खोलीत येणारा जाणारा प्रत्येक माणूस फोटो काढून घेत होता आणि त्यातल्या दोघांनी शिवकुमारच्याच हातात मोबाइल देऊन सांगितलं, "सर, आमचा तेवढा काढा." त्यानं काढला. एकात त्यानं हरिओमचं अर्धं डोकं कापलं, हेही खरं.

मुलाखत सुरू झाली, आणि वैताग असा की ती छान व्हायला लागली. शिवकुमार विचारायचा, हरिओम उत्तर द्यायचा, लोक हसायचे. पाठ दिसलेल्या हवालदाराची गोष्ट झाली. पहिल्यांदा विमानात बसताना चप्पल दाराबाहेर काढून ठेवली, ती गोष्ट झाली. शिवकुमार नेमकं जिथं थांबायचं तिथं थांबत होता, प्रश्न असा टाकत होता की हरिओमनं नुसता उचलावा. दोघं इतकी वर्षं एकत्रच काम करत आलेत असं कुणालाही वाटलं असतं. समोर उज्वला उघडउघड हसत होती. आज इथं स्वयंपाकघर नव्हतं. ती हसते तेव्हा मान मागे टाकते, हे शिवकुमारला लग्नाला एवढी वर्षं होऊनही माहीत नव्हतं, आणि ते कळलं ते हरिओममुळे.

मग त्यानं तो प्रश्न काढला.

"हरिओम, हाव हा शब्द तुम्हाला कुठं सापडला?"

"माझी आजी होती औशाला, धुरपताबाई," हरिओमचे हात जोडले जाऊ लागले.

"नांदेडला एक नाटक झालं होतं. कॉलेजचं. आठवतं?"

हात मध्येच थांबले. "आठवतंय की."

"त्यात युवराज कोण होता?"

"तू."

"आणि स्टेजवर पहिल्यांदा हाव कोण म्हणालं? तुम्ही, तुमची आजी, का मी?"

सभागृहात जरा चुळबुळ झाली. पहिल्या रांगेत वसंतराव घड्याळाकडे बघू लागले. हरिओमनं शिवकुमारकडे पाहिलं. त्याला सहज टोलवता आलं असतं, रोजचाच धंदा होता त्याचा. पण काय वाटलं कुणास ठाऊक, तो सरळ म्हणाला, "तूच म्हणलास. मी तुझंच उचललं. आजी आपली सांगायला बरी."

झालं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते लातूरच्या भर सभेत, माइकवर, स्वच्छ शब्दांत झालं. शिवकुमारनं सभागृहाकडे पाहिलं. आणि काहीही झालं नाही. लोक गप्प बसून होते. पुढे काहीतरी विनोद येणार म्हणून तोंडं अर्धी उघडी ठेवून वाट बघत होते. कुणी आश्चर्य केलं नाही, कुणी हळहळलं नाही. मागून एक बाई शेजारणीला विचारत होती ते पुढपर्यंत ऐकू आलं, "मंग? पुढं काय झालं?" भिजलेल्या फटाक्याची वात जळत जावी आणि शेवटी नुसता धूर निघावा तसं झालं. एका हाव शब्दाचा मालक कोण, याची त्या सभागृहात शिवकुमार सोडून कुणालाही पडलेली नव्हती.

हरिओमला ती शांतता सोसवेना. नटाला सोसत नाहीच. खुर्चीतल्या खुर्चीत तो सावकाश वळला, शिवकुमारला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि अर्ध्या थट्टेनं, अर्ध्या खऱ्या कुतूहलानं विचारलं, "इतकी वर्षं हेच घेऊन बसलास व्हय शिवा? जळत होतास का काय माझ्यावर?"

शिवकुमारकडे उत्तर होतं. कलेतल्या श्रेयाबद्दल दोन चांगली वाक्यं तो घरून तयार करून आला होता. त्यानं मान वळवली. समोर उज्वला होती. ती आता हसत नव्हती, त्याच्याकडेच बघत होती, आणि तिला उत्तर आधीच माहीत होतं हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"हाव," शिवकुमार म्हणाला.

सभागृह फुटलं. सकाळपासून लोक हसत होते, पण ते हसणं वेगळं होतं, तिकीट काढल्यासारखं. हे पोटातून आलं. म्हातारे गुडघ्यांवर थापा मारत होते. वसंतराव रुमालात तोंड खुपसून हलत होते. उज्वलानं मान मागे टाकली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि शिवकुमार तिथं बसून राहिला, लाजही वाटेना त्याला, नुसतं हलकं वाटत होतं, नांदेडच्या त्या दिवशी पळून जायच्या घाईत जो हशा त्यानं घेतलाच नव्हता तो आत्ता हातात आल्यासारखं.

हरिओमनं दम धरला. हशा उतरायला लागला की नेमकं कुठं शिरायचं हे त्याला कळत होतं, त्यावरच तर त्याचं घर चालत होतं. त्यानं हनुवटीवरून हात फिरवला आणि खालच्या आवाजात विचारलं, "हाव?" पण त्याचं कुणी ऐकलंच नाही. हशा उतरलाच नव्हता. त्यानं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं विचारून पाहिलं. लोक शिवकुमारकडे बघून हसत होते. मग हरिओम माइक खाली करून हसला. दात दिसले, डोळे काही हसले नाहीत.

नंतर शाल झाली, श्रीफळ झालं, आभार झाले. शिवकुमार आपली शाल सावरत मागच्या खोलीकडे निघाला आणि पडद्याआड थबकला. आत हरिओम कार्यक्रमाच्या शूटिंगवाल्याशी बोलत होता.

"ते शेवटचं तेवढं काढून टाका. माझं ते विमानाचं झालं की टाळ्या जोडा अन् संपवा. न्हाई, माझं काही न्हाई, पण सर मास्तर माणूस हायत. पोरं चिडवतील त्यांना."

किती काळजीनं बोलत होता. शिवकुमारला तो सूर ऐकताक्षणी ओळखू आला. पोरांना सिनेमाला नका नेऊ, म्हणताना त्याच्या स्वतःच्या गळ्यातून हाच सूर निघाला होता, असाच मऊ, असाच बेमालूम. तो माणूस खोटं कसा बोलतोय आणि त्याच्या पोटात नेमकं कुठं दुखतंय, हे जगात शिवकुमारइतकं कुणालाच कळलं नसतं. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की पडद्याला धरून तो एक क्षण तसाच उभा राहिला.

शूटिंगवाला बाहेर पडला आणि हरिओमला पडद्याआडचा शिवकुमार दिसला. हरिओमनं त्याला आत घेऊन दार लोटलं आणि जवळ आला. आवाजातलं सगळं नाटक गळून पडलं होतं.

"शिवा, कसं म्हणलास रे ते?"

"काय?"

"आत्ताचं. मी इतकी वर्षं म्हणून राहिलो. आरशापुढं म्हणतो, गाडीत म्हणतो. लोक हासतात, पण मी म्हणणार हाय हे त्यांना आधीच माहीत असतंय, म्हणून हासतात. नांदेडला तू म्हणलास तसं मला एकदाबी आलं न्हाई. खरं सांगतो. मला वाटलं, तवा चुकून झालं तुझ्याकडून. अन् आज परत तसंच. एवढा विराम कुठून काढलास? श्वास आधी घेतलास का नंतर?"

हरिओम ढगे त्याच्या तोंडाकडे बघत होता, वर्गातलं हुशार पोर अडलेलं गणित घेऊन उभं राहावं तसा. विराम नव्हता, श्वास नव्हता, काही केलंच नव्हतं. नांदेडला खरोखर चुकलं होतं आणि आज खरोखर जळत होता, एवढीच त्यातली कला. दोन वाक्यांत सांगता आलं असतं आणि समोरचा माणूस मोकळा झाला असता. शब्द शिवकुमारच्या ओठांपर्यंत आलेही.

त्यानं शाल खांद्यावर नीट केली.

"त्याला लई तालीम लागती, हरिओम," तो म्हणाला, आणि जेवायच्या मंडपाकडे चालू लागला.

मंडपात हरिओमनं मुद्दाम त्याच्या शेजारची खुर्ची ओढली. फोटोवाले आले, त्यांना नंतर या म्हणाला. शिवकुमार काय बोलतो, कुठं थांबतो, याकडे कान लावून तो घास हातात धरून बसला होता. वाढपी आला आणि त्यानं विचारलं, "सर, अजून एक धपाटं वाढू का?"

शिवकुमारनं हरिओमकडे तिरकं बघितलं आणि नुसती मान डोलावली.